सुपरमॅन आधी उडत नव्हता : वाचकांचे प्रश्न

या वेळी सुपरहिरोंच्या जुन्या अंकांबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. बहुतेकांचा रोख एकच आहे : आज आपण जे गृहीत धरतो, ते पहिल्यापासून तसंच होतं का? क्वचितच. छापखान्याची शाई, रेडिओ, कोर्टातला दावा, टपालखात्याचा नियम, यांपैकी कुणीतरी मध्ये हात घातलेला असतो.

प्रश्न : सुपरमॅन पहिल्या अंकापासून उडतो की नाही? आमच्या कॉलेजच्या क्विझमध्ये यावरून भांडण झालं. (एक वाचक, मिरज)

उडत नाही. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात (मुखपृष्ठावर जून १९३८) तो फक्त उड्या मारतो. कथेच्या पहिल्याच पानावर त्याच्या ताकदीचा हिशेब मांडलाय. एका उडीत एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण २०० मीटर. वीस मजली इमारत एका झेपेत पार. धावणं एक्स्प्रेस गाडीपेक्षा जोरात. आणि कातडी अशी की फुटणाऱ्या तोफगोळ्याहून कमी कशानेही ती भेदली जायची नाही. हे पटावं म्हणून मुंगी आणि नाकतोड्याचा दाखला दिलाय : मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते, नाकतोडा आपल्या लांबीच्या कितीतरी पट उडी मारतो, मग यालाच काय झालं? पिवळ्या सूर्यामुळे शक्ती मिळते हे स्पष्टीकरण पुष्कळ नंतरचं, १९६०च्या आसपासचं.

उडणं पक्कं झालं ते पडद्यावर. फ्लायशर स्टुडिओची सुपरमॅन कार्टून्स सप्टेंबर १९४१पासून थिएटरात लागली. कॉमिक्सच्या चौकटीत उडी दाखवायला एक चित्र पुरतं, माणूस हवेत काढला की झालं. ॲनिमेशनमध्ये मात्र गुडघे वाकवणं, झेप, खाली येणं, परत गुडघे वाकवणं हे सगळं सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने हलतं दाखवावं लागतं, आणि शहरभर असा टुणटुणत जाणारा नायक हास्यास्पद दिसतो. म्हणून त्याला सरळ उडवलं. रेडिओ मालिका फेब्रुवारी १९४०मध्येच सुरू झाली होती. तिथे तर वाऱ्याच्या आवाजावर काम भागायचं, त्यामुळे रेडिओवरचा सुपरमॅन त्याही आधी हवेत गेलेला होता.

रेडिओने आणखी बरंच दिलं. जिमी ऑल्सन आणि संपादक पेरी व्हाइट ही नावं रेडिओवरून कॉमिक्समध्ये आली. सुपरमॅनला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट रेडिओवर १९४३मध्ये आलं आणि छापील अंकात थेट नोव्हेंबर १९४९च्या ‘सुपरमॅन’ अंक ६१मध्ये. तिथेही ते लाल होतं, हिरवं नंतर झालं. सुपरमॅनचं काम करणाऱ्या नटाला सुट्टी मिळावी म्हणून क्रिप्टोनाइट शोधलं, हा किस्सा सगळीकडे फिरतो. नट नसताना दुसऱ्याने नुसतं कण्हायचं, ही सोय त्यातून झाली हे खरं. पण मूळ कल्पना त्यासाठी निघाली हे पटत नाही, कारण जेरी सीगलने १९४०मध्येच तशाच ‘के-मेटल’ नावाच्या धातूची कथा लिहून दिली होती. ती प्रकाशकाने छापली नाही. त्या कथेत सुपरमॅन बातमीदार लोइस लेनला आपली खरी ओळख सांगून टाकतो. ते गुपित फुटलं असतं तर पुढच्या निम्म्या कथांचा दाणापाणीच संपला असता.

क्विझसाठी : “सुपरमॅन केव्हा उडायला लागला?” असं विचारूच नका, कारण रेडिओ, पडदा आणि छापील अंक यांची तीन उत्तरं येतील. “पहिल्या अंकात सुपरमॅनची एक उडी किती लांब सांगितली आहे?” असं विचारा. उत्तर एकच.

प्रश्न : सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले गेले, हा आकडा कुठून आला? (एक वाचक, ठाणे)

तेरा पानांची कथा, पानाला दहा डॉलर. झाले १३०. लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर हे क्लीव्हलँडचे शाळासोबती. मार्च १९३८च्या ज्या चेकने त्यांना पैसे मिळाले तो एकूण ४१२ डॉलरचा आहे, कारण त्यात इतर कथांचंही मानधन होतं. १३० ही त्यातली सुपरमॅनची ओळ. चेकवर दोघांच्याही नावांचं स्पेलिंग चुकलेलं आहे. तोच चेक २०१२मध्ये १ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेला.

पानाला दहा डॉलर हा त्या काळचा रूढ दर होता, त्यामुळे रकमेपेक्षा अट महत्त्वाची : पैसे घेतले की पात्राचे सगळे हक्क कायमचे प्रकाशकाचे. दोघांनी १९४७मध्ये दावा लावला आणि पुढच्या वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली. पात्र मात्र गेलं ते गेलंच, आणि कथांवरचं त्यांचं नावही गेलं. सुपरमॅनवर मोठा चित्रपट काढायचं ठरलं तेव्हा सीगलने जाहीर ओरड केली. नील ॲडम्स, जेरी रॉबिन्सन यांच्यासारखे चित्रकार पाठीशी उभे राहिले आणि १९७५च्या अखेरीस कंपनीने प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर आणि श्रेयनाम मान्य केलं. शुस्टरची नजर तोवर जवळपास गेलेली होती.

प्रश्न : बॅटमॅनचा खरा निर्माता कोण? जुन्या अंकांवर फक्त बॉब केनचं नाव असतं. (एक वाचक, औरंगाबाद)

दोघे : बॉब केन आणि बिल फिंगर. केनने प्रकाशकाला नेऊन दाखवायचं चित्र आधी फिंगरला दाखवलं, त्यात नायकाचा अंगरखा लाल होता, डोळ्यांवर साधी पट्टी होती आणि पाठीवर लाकडी वाटावेत असे ताठ पंख. फिंगरने सुचवलं : पंख काढून वटवाघळासारखा कातरलेला झगा दे, कान असलेला टोप घाल, रंग काळपट कर. बॅटमॅनचं मुखवट्यामागचं ब्रूस वेन हे नावही फिंगरचं. ब्रूस घेतलं स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसवरून, वेन अमेरिकन सेनानी अँथनी वेनवरून. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या अंक २७मधली (मे १९३९) पहिली कथाही त्यानेच लिहिली.

तरीही नाव नाही, कारण करार केनने एकट्याने केला आणि श्रेय एकट्याचंच राहील अशी तरतूद त्यात होती. फिंगर १९७४मध्ये वारला. अधिकृत श्रेय मिळायला २०१५ उजाडलं. त्यामुळे तुमच्या हातातला अंक त्याआधीचा असेल तर त्यावर फिंगर निर्माता म्हणून दिसणार नाही. ती छपाईची चूक समजू नका.

याच वाचकांनी विचारलंय की बॅटमॅन कधी बंदूक वापरत होता का. वापरत होता. अंक ३२मध्ये तो चांदीच्या गोळ्या घालून दोन रक्तपिपासूंना मारतो. अंक ३५च्या सुरुवातीच्या चित्रात त्याच्या हातात धूर निघणारं पिस्तूल आहे. ‘बॅटमॅन’ मासिकाच्या पहिल्या अंकात (वसंत १९४०) तो विमानातून मशीनगन चालवतो आणि माणूस मारणं आवडत नसलं तरी या वेळी नाइलाज आहे, असं म्हणतोही. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थने बंदुकीला बंदी घातली. न मारण्याचं ते प्रसिद्ध व्रत संपादकाच्या टेबलावर जन्मलं. बॅटमॅनच्या आईबापाच्या खुनाची कथा त्याआधीच, अंक ३३मध्ये, सांगून झालेली होती.

प्रश्न : हल्क पहिल्या अंकात करडा होता म्हणतात. पण माझ्याकडच्या संग्रहात पहिलीच कथा हिरव्या हल्कची आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

दोन्ही बरोबर. मे १९६२च्या पहिल्या अंकात तो करडा आहे, अंक २पासून हिरवा. पुढे पहिली कथा पुन्हा छापताना अनेक वर्षं तिलाही हिरवा रंग लावत होते. तुमच्याकडे तसं पुनर्मुद्रण आहे.

करड्याने काय घोळ केला ते समजायला त्या काळची छपाई बघायला हवी. काळी शाई रेषा आणि अक्षरांसाठी राखीव. रंग उरले तीन : निळा, किरमिजी, पिवळा. प्रत्येक रंग चारच प्रमाणांत मिळायचा : नाही, २५ टक्के, ५० टक्के, पूर्ण. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे पांढरा धरून ६४ छटा. रंगकाराने चित्रावर फक्त सांकेतिक खुणा लिहायच्या आणि प्लेट दुसऱ्यांनी कापायच्या. आता करडा हवा तर हे तिन्ही रंग ठिपक्याठिपक्यांनी नेमके तोलून एकावर एक छापावे लागतात. स्वस्त न्यूजप्रिंट शाई पिते, ठिपके पसरतात, वेगाने धावणाऱ्या छपाईयंत्रात एखादी प्लेट अर्धा मिलिमीटर सरकते. पिवळा जरा चढला की करड्यावर हिरवट झाक, निळा चढला की निळसर, किरमिजी चढला की तपकिरी. पहिल्या अंकात पानागणिक हल्कचा रंग बदलतो तो यामुळे. रंगकार स्टॅन गोल्डबर्गने ही अडचण आधीच सांगितली होती, असं तो पुढे मुलाखतींत म्हणायचा. हिरव्यात दोनच शाया लागतात आणि थोडं डावंउजवं झालं तरी हिरवा हिरवाच राहतो.

जुन्या नायकांचे कपडे लाल-निळे-पिवळे असण्याचं अर्धं कारणही हेच. शंभर टक्के शाई बिघडत नाही. खलनायकांच्या वाट्याला मग हिरवा आणि जांभळा उरला.

करडा हल्क १९८६मध्ये कथेतच परत आला. आणि त्याच्या खऱ्या नावाचं : ब्रूस बॅनर असलेलं नाव १९६४च्या ‘फँटॅस्टिक फोर’ अंक २५मध्ये चुकून बॉब बॅनर पडलं. वाचकांनी पकडल्यावर उत्तर आलं की पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे. ते आजतागायत तेच आहे.

प्रश्न : कॅप्टन अमेरिकाने हिटलरला ठोसा मारलेला अंक मार्च १९४१चा. काही ठिकाणी डिसेंबर १९४० लिहिलेलं असतं. कुठली तारीख खरी? (एक वाचक, नाशिक)

छापलेली तारीख मार्च १९४१, स्टॉलवर आलेली तारीख २० डिसेंबर १९४०. अमेरिकेत मुखपृष्ठावरचा महिना हा अंक कधी आला हे सांगत नसे. विक्रेत्याने तो कधी उतरवून परत पाठवायचा, हे सांगण्यासाठी तो असायचा. अंक जितका पुढच्या तारखेचा, तितका जास्त दिवस मांडणीवर. म्हणून जुन्या अंकाची खरी तारीख काढायची तर छापलेल्या महिन्यातून साधारण दोन-तीन महिने वजा करा. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा जून १९३८चा अंक असाच एप्रिलमध्ये आला होता. नेमका दिवस लिहायचा असेल तेव्हा मात्र वजाबाकीवर विसंबू नका; महिना सांगणं पुरेसं.

या अंकाच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक नाही. पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ला. म्हणजे जवळपास वर्षभर आधी, अमेरिका युद्धात नसताना, जो सायमन आणि जॅक कर्बी या दोघा ज्यू तरुणांनी हे मुखपृष्ठ बाजारात आणलं. धमक्या आल्या, पोलीस पहारा बसला, न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी फोन करून धीर दिला, असं सायमनने पुढे सांगितलं आहे.

ढालीकडे बघा. पहिल्या अंकात ती वर सपाट, खाली निमुळती आहे. दुसऱ्यात गोल. एमएलजे या दुसऱ्या प्रकाशकाचा ‘द शील्ड’ नावाचा झेंड्याच्या रंगातला नायक जानेवारी १९४०पासून चालू होता आणि त्याच्या छातीचा आकार या ढालीसारखाच दिसत होता. तक्रार आली, ढाल गोल झाली. कर्बीच्या हाती पडल्यावर ती फेकण्याचं हत्यार म्हणून किती शोभली ते सगळ्यांना माहीत आहे, पण ती फेकण्याची पहिली नोंद चित्रात सापडत नाही. ती आहे अंक ३मधल्या दोन पानी गद्य गोष्टीत. कॉमिक्समध्ये अशी गद्य पानं का? मासिकांसाठीचा सवलतीचा टपालदर हवा तर अंकात थोडा तरी निव्वळ मजकूर असला पाहिजे, असा टपालखात्याचा नियम होता. ती पानं कुणी वाचत नसे, म्हणून लिहायला नवख्याला देत. इथे तो नवखा होता ऑफिसातला अठरा वर्षांचा पोरगा, स्टॅन्ली लीबर. त्याने खाली सही केली : स्टॅन ली.

प्रश्न : शझॅमचं मूळ नाव कॅप्टन मार्व्हल होतं, तर मार्व्हल कंपनीचा कॅप्टन मार्व्हल कोण? (एक वाचक, मडगाव)

क्रम लक्षात ठेवला की गोंधळ सुटतो. फॉसेट या प्रकाशनाचा कॅप्टन मार्व्हल आला ‘व्हिझ कॉमिक्स’च्या अंक २मध्ये, फेब्रुवारी १९४०. बिली बॅटसन हा पोरगा ‘शझॅम’ म्हणतो आणि वीज कोसळून नायक होतो. शब्दातलं एकेक अक्षर एकेकाचं : सॉलोमनची बुद्धी, हर्क्युलसचं बळ, ॲटलसचा दम, झ्यूसची शक्ती, अकिलीसचं धैर्य, मर्क्युरीचा वेग. चाळीसच्या दशकात काही काळ तो सुपरमॅनपेक्षा जास्त खपला, आणि खपला म्हणूनच सुपरमॅनच्या प्रकाशकाने १९४१मध्ये नक्कल केल्याचा दावा ठोकला.

खटला बारा वर्षं चालला. खालच्या कोर्टात फॉसेट जिंकलं, तेही एका तांत्रिक मुद्द्यावर : सुपरमॅनच्या वर्तमानपत्री पट्ट्यांवर कॉपीराइटची खूण नीट छापलेली नव्हती. १९५१मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी अपिलात निकाल फिरवला. एव्हाना सुपरहिरोंचा बाजारही बसला होता. फॉसेटने १९५३मध्ये ४ लाख डॉलर भरून पात्र बंद केलं.

नाव पडून राहिलं. १९६७मध्ये मार्व्हल कंपनीने स्वतःचा, अंतराळातून आलेला कॅप्टन मार्व्हल काढून नावाचा ट्रेडमार्क पदरात पाडून घेतला. १९७२मध्ये डीसीने, म्हणजे ज्याने दावा लावून पात्र मारलं त्याच प्रकाशकाने, फॉसेटकडून तेच पात्र भाड्याने घेतलं. तेव्हा आतल्या पानांत नायकाला कॅप्टन मार्व्हल म्हणता येत होतं, पण मुखपृष्ठावर ते नाव चालणार नव्हतं. म्हणून मासिकाचं नाव ‘शझॅम!’. चाळीस वर्षं लोक त्याला मासिकाच्या नावानेच हाक मारत राहिल्यावर डीसीने २०१२च्या सुमारास पात्राचंही नाव तेच करून टाकलं.

प्रश्न : इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आफ्रिकेचा की आपल्याकडचा? आणि त्याचे कपडे वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या रंगाचे का? (एक वाचक, अकोला)

ली फॉकची ‘फँटम’ (आपला वेताळ) ही चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ला सुरू झाली तेव्हा त्याचं जंगल बंगालच्या आसपासचं होतं आणि त्याचे वैरी ‘सिंग’ नावाचे चाचे. भूगोल पुढे सरकत सरकत बांगाला या काल्पनिक आफ्रिकी देशात स्थिरावला. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४मध्ये ‘इंद्रजाल’ सुरू केलं ते याच नायकाच्या कथेने, आणि इथल्या वाचकाला खटकेल ते बदललं : ‘सिंग’चं ‘सिंगा’, देशाचं नाव देंकाली, वेताळाच्या बापाला मारणाऱ्या ‘रामा’चं ‘रामालू’. म्हणून मूळ पट्टी आणि मराठी अंक शेजारी ठेवून वाचले तर नावं जुळत नाहीत. चूक कुणाचीच नाही.

रंगाचं कारण साधं आहे. रोजची पट्टी काळी-पांढरी होती आणि फॉकच्या डोक्यात पोशाख करडा होता. २८ मे १९३९ला रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा अमेरिकेत तो जांभळा छापला गेला. बाहेरच्या प्रकाशकांकडे चित्रं रंगाविना जायची, त्यांनी आपापल्या सोयीने रंग भरला. स्वीडनमध्ये निळा, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल.

जाता जाता अंगठ्यांबद्दल, कारण तीन पत्रांत हाच प्रश्न आहे : कवटीची उजव्या हातात, संरक्षणाच्या खुणेची डाव्या हातात. कवटीची खूण उमटते ती गुन्हेगाराच्या जबड्यावर.

प्रश्न : मग पहिला सुपरहिरो वेताळ की सुपरमॅन? (एक वाचक, पुणे)

व्याख्येवर आहे. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा वेताळाने १९३६मध्येच आणला, पण त्याच्याकडे अमानवी शक्ती नाही. शक्ती, पोशाख आणि दुहेरी ओळख तिन्ही एकत्र हवी असतील आणि माध्यम अमेरिकन कॉमिक्स मासिक असेल तर सुपरमॅन. जपानमध्ये रस्त्यावर चित्रफलक दाखवून गोष्ट सांगणाऱ्यांचा कवटीमुखी ‘ओगोन बॅट’ १९३१च्या सुमाराचा आहे, त्याला तर उडताही येई. व्याख्या न देता हा प्रश्न क्विझमध्ये घातला तर भांडण ठरलेलं.

प्रश्न : अमेरिकेतल्या नातेवाइकांनी ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक पाठवलाय, आतल्या जाहिरातीही १९३८च्याच आहेत. खरा आहे का हे घरी कसं तपासायचं? (एक वाचक, डोंबिवली)

खरा असण्याची शक्यता जवळजवळ शून्य धरून सुरुवात करा. उत्तम स्थितीतली एक प्रत एप्रिल २०२४मध्ये ६० लाख डॉलरला गेली. अशी वस्तू कुणी भेट म्हणून पाकिटात घालत नाही.

आधी मोजपट्टी घ्या. मूळ अंक साधारण पावणेआठ इंच रुंद, साडेदहा इंच उंच आहे. तुमचा दहा बाय साडेतेरा इंचाच्या आसपास भरला तर विषय संपला : डीसीने १९७४मध्ये काढलेलं हे मोठ्या आकाराचं पुनर्मुद्रण आहे. त्यावर जाड बाहेरचं वेष्टण होतं आणि आत मूळ मुखपृष्ठासह जाहिरातींसकट अख्खा अंक जसाच्या तसा. वेष्टण काढून टाकलं की आत उरतं ते भल्याभल्यांना फसवतं. लहान आकाराचीही पुनर्मुद्रणं निघाली आहेत, म्हणून माप जुळलं तरी थांबू नका.

खोली अंधारी करून नोटा तपासायचा अतिनील दिवा पानावर धरा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत; तसा कागद प्रचारात आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९३८चा न्यूजप्रिंट मंद, पिवळट दिसतो. मग दहापट भिंग घ्या आणि काळ्या रेषेची कड बघा. मूळ छपाईत रेष सलग आणि कडक असते, रंग ठिपक्यांत असतो. रेषच ठिपक्यांनी बनलेली दिसली तर छापील पानाचा फोटो काढून परत छापलंय. शेवटी किंमत : मूळ अंकावर १० सेंट. ती पुसलेली, खरवडलेली किंवा चिकटवलेली वाटली तर पुढे बघायची गरज नाही. वासावर आणि पिवळेपणावर मात्र जाऊ नका. चहाच्या पाण्याने आणि उन्हाने कागद हवा तितका म्हातारा करता येतो.

प्रश्न : कोकणात घर आहे. मराठी इंद्रजालचे शंभरेक अंक आहेत, पावसाळ्यात बुरशी आणि कसर लागते. काय करावं? (एक वाचक, चिपळूण)

कसर दिसत असेल तर आधी तिचा बंदोबस्त. पाच-सहा अंकांचा गठ्ठा जाड प्लॅस्टिक पिशवीत घालून हवा काढा, तोंड टेपने बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये (उणे १८ अंश) दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, २४ तास तशीच राहू द्या. गार कागदावर दमट हवा लागली की दव धरतं, आणि बुरशी घालवायला निघालेले आपण ती नव्याने पेरतो.

बुरशी ओल्या फडक्याने पुसू नये. अंक पंख्याखाली सावलीत पूर्ण वाळवा, मग घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ रुंद ब्रशने मधून कडेकडे झाडा. ऊन देऊ नका, शाई उडते.

पिना गंजल्या असतील तर ओढून काढू नका, कागद फाटतो. मधलं पान उघडून पिनेची दोन्ही टोकं बोथट सुरीने उभी करा, मग पाठीमागून अलगद उचला. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा घालून आत गाठ मारा. नवी स्टेपल मारली तर चिपळूणच्या हवेत दोन पावसाळ्यांत तीही गंजेल.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या, अंकाच्या रुंदीपेक्षा सेंटिमीटरभर मोठ्या. बाजारात मिळणारी वास मारणारी मऊ पीव्हीसी कव्हरं काही वर्षांत शाई ओढून घेतात आणि मुखपृष्ठ त्यांना चिकटतं. मागे आम्लमुक्त पुठ्ठा घाला. साधा तपकिरी खोक्याचा पुठ्ठा आम्ल सोडतो आणि मागचं पान त्याच रंगाचं करतो. लॅमिनेशन आणि सेलोटेप कधीही नाही. सेलोटेपचा गोंद कागदात उतरून कायमचा तेलकट डाग पडतो.

अंक घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात उभे ठेवा, सैलही नको आणि कोंबलेलेही नको. डब्यात ५० ग्रॅमच्या दोन सिलिका पुड्या. रंग बदलला की दाणे ताटात पसरून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवा आणि परत वापरा. साधा आर्द्रतामापक डब्यात टाकलात तर अंदाजपंचे काम राहणार नाही. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत असावा. डांबरगोळ्या आत टाकू नका, त्यांची वाफ प्लॅस्टिकवर आणि कागदावर परत बसते. पोथ्यांना ठेवतात तशी वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायला हरकत नाही, पण अंकाला टेकवून नको.

कागद पिवळा पडणं यातून थांबणार नाही. न्यूजप्रिंटमधलं लिग्निन आपलं काम करतच राहतं. अंधार आणि कोरडेपणा त्याचा वेग कमी करतात, इतकंच. ज्या अंकांची पानं वळवताना कड तुटते ते आधी स्कॅन करून घ्या, ३०० डीपीआयला.

प्रश्न : “मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते” हे स्पायडर-मॅनला बेनकाका कधी सांगतात? (एक वाचक, बेळगाव)

पहिल्या कथेत सांगतच नाहीत. ‘अमेझिंग फँटसी’ अंक १५ (ऑगस्ट १९६२), शेवटची चौकट : पीटर (म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन) अंधारात चालत जातोय आणि ते वाक्य निवेदकाच्या पट्टीत आहे. काका तोवर मेलेले असतात. ते वाक्य त्यांच्या तोंडी नंतरच्या लेखकांनी घातलं. आणि हो, पुढच्या वर्षीच्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या पहिल्याच अंकात पीटर पार्करचं आडनाव काही ठिकाणी ‘पामर’ छापलं गेलंय.

प्रश्न : वाचकांनी मतं देऊन रॉबिनला मारलं हे खरं का? (एक वाचक, इंदूर)

खरं. बॅटमॅनचा साथीदार असलेला दुसरा रॉबिन, जेसन टॉड. १९८८च्या सप्टेंबरात ‘बॅटमॅन’ अंक ४२७मध्ये स्फोट दाखवून शेवटी दोन फोन नंबर छापले, एक जगण्याचा, एक मरण्याचा. कॉलला ५० सेंट, मुदत दीड दिवस. मरणाच्या बाजूने ५,३४३, जगण्याच्या बाजूने ५,२७१. फरक ७२. एकाने किती वेळा फोन करावा याला मर्यादा नव्हती, त्यामुळे ७२ माणसांनी निर्णय केला असं म्हणता येत नाही. जेसन वाचतो अशी पानंही आधीच काढून तयार ठेवलेली होती.